अमली पदार्थांबद्दल लोकांचं मत: आकडा का उलटतो?

प्रश्न असा आला आहे: “अमली पदार्थ स्वतःपुरते जवळ बाळगणं हा गुन्हा नको, असं अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या मतदारांनी २०२० मध्ये ५८ टक्क्यांहून अधिक मतांनी ठरवलं. तीनच वर्षांत तिथल्याच पाहण्यांत बहुमत म्हणू लागलं की हे रद्द करा. मग लोकांचं खरं मत कोणतं? आणि इतक्या लवकर उलटणारं मत विचारण्यात तरी काय अर्थ आहे?”

मी वीसेक वर्षं सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या तयार करतो. आरोग्य आणि कायदा यांच्या सीमेवरचे विषय बहुधा माझ्याकडे येतात, कारण त्यात हात पोळायची शक्यता जास्त आणि पैसे कमी. अमली पदार्थांवरच्या बऱ्याच प्रश्नावल्या हातून गेल्या. त्या जोरावर पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: दोन्ही मतं खरी होती. २०२० मध्ये कोणी खोटं बोललं नाही आणि २०२३ मध्ये कोणी पस्तावलं, असंही सरसकट म्हणता येत नाही. दोन वेळा विचारलेला प्रश्नच वेगळा होता. ओरेगॉनकडे येतोच, पण त्याआधी शब्दांचा घोळ निस्तरावा लागेल, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

या विषयात तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. कायदेशीर करणं, म्हणजे माल पिकवणं, बनवणं, विकणं या सगळ्याला परवाना, कर आणि वयाची अट लावून मोकळीक देणं. गुन्हा न मानणं, म्हणजे विक्री आणि तस्करी हे गुन्हेच, पण स्वतःपुरता थोडा माल सापडला तर फौजदारी खटला नाही आणि नावावर गुन्ह्याचा डाग नाही. तिसरा प्रकार कायदा तसाच ठेवून काणाडोळा करण्याचा. नेदरलँड्समध्ये पाच ग्रॅमपर्यंत गांजा जवळ असणं कागदावर आजही नियमभंगच आहे, फक्त त्यासाठी कोणी खटला भरत नाही.

पोर्तुगाल दुसऱ्या प्रकारात येतो. तिथला कायदा २००० साली झाला आणि १ जुलै २००१ पासून लागू झाला. सरासरी दहा दिवसांच्या वापराइतका माल ही मर्यादा: हेरॉइन १ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम, चरस ५ ग्रॅम, गांजा २५ ग्रॅम. तेवढा माल सापडला तर पोलीस तो जप्त करतात आणि त्या माणसाला तीन सदस्यांच्या आयोगापुढे पाठवतात. आयोग त्याच्याशी बोलतो, व्यसन आहे की नुसती हौस हे पाहतो, गरज वाटली तर उपचारांकडे वळवतो, क्वचित दंड करतो आणि बरीचशी प्रकरणं स्थगित ठेवतो. माल परत मिळत नाही. तरीही ‘पोर्तुगालने ड्रग्ज कायदेशीर केले’ हा मथळा गेली वीस वर्षं कुठे ना कुठे छापून येतोच. मथळा वाचून आलेल्या माणसाला तुम्ही ‘पोर्तुगालसारखा कायदा हवा का?’ असं विचारलंत, तर तो पोर्तुगालबद्दल उत्तर देत नाही. तो मथळ्याबद्दल देतो.

मराठीत तर आणखी पंचाईत. या संकल्पनेला रुळलेला शब्दच नाही. माझ्या सुरुवातीच्या एका प्रश्नावलीत भाषांतरकाराने ‘निर्गुन्हेगारीकरण’ असा शब्द घातला होता. शुद्ध, व्याकरणाला धरून, आणि पूर्ण निरुपयोगी. पूर्वचाचणीत आम्ही लोकांना प्रश्न वाचून दाखवतो आणि मग तो त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावतो. एका गृहस्थांनी प्रश्न ऐकला, मान डोलावली आणि म्हणाले, “म्हणजे गुन्हेगार संपवायचे ना? मग ‘पूर्णपणे सहमत’ लिहा.” दुसऱ्या बाईंना वाटलं की तुरुंगातल्या सगळ्यांना सोडून द्यायचं विचारतायत. त्या ‘पूर्णपणे असहमत’. दोघांची उत्तरं व्यवस्थित नोंदली गेली असती, टक्केवारीत बसली असती, आणि दोघांनीही मूळ प्रश्नाला हातसुद्धा लावला नव्हता.

त्या दिवसापासून संकल्पनेचं नाव प्रश्नात घ्यायचं नाही असा नियम केला. त्याऐवजी प्रसंग मांडायचा: ‘एखाद्या सज्ञान माणसाकडे फक्त स्वतःपुरता, थोडा अमली पदार्थ सापडला. त्याने दुसरा काही गुन्हा केलेला नाही. त्याचं काय व्हावं?’ पुढे पर्याय: तुरुंग, दंड, सक्तीचे उपचार, त्याची तयारी असेल तर उपचार, फक्त माल जप्त, काहीच नको. असं विचारलं की हो-नाहीची भिंत कोसळते आणि लोक पसरतात. ‘गुन्हाच मानला पाहिजे’ असं दहा मिनिटांपूर्वी ठणकावून सांगणारा माणूस ‘सक्तीचे उपचार’वर बोट ठेवतो. ‘गुन्हा मानू नये’ म्हणणाराही पुष्कळदा तिथेच येतो. एकमेकांविरुद्ध मोजले गेलेले हे दोघे एकाच पर्यायाशी उभे असलेले मी इतक्या वेळा पाहिले आहेत, की दोनच पर्यायांच्या प्रश्नावर काढलेला कुठलाही आकडा मला आता अर्धवट वाटतो.

हे फक्त अमली पदार्थांपुरतं नाही. आमच्या धंद्यातलं एक जुनं उदाहरण आहे. १९४१ मध्ये डॉनल्ड रग या संशोधकाने अमेरिकेतल्या दोन पाहण्यांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांवर ‘बंदी घालावी का?’ असं विचारलं तेव्हा ५४ टक्के लोक हो म्हणाले. त्याच भाषणांना ‘परवानगी द्यावी का?’ असं विचारलं तेव्हा ७५ टक्के नाही म्हणाले. तर्काने दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. पण बंदी घालणं हे कठोर काम वाटतं, ते करायला हात कचरतो. परवानगी देणं म्हणजे आपण त्यावर शिक्का मारतोय असं वाटतं, तिथेही हात कचरतो. मधल्या जागेत पाचातला एक माणूस लटकलेला राहतो. ‘सेवनाला परवानगी द्यावी का?’ आणि ‘सेवनासाठी शिक्षा व्हावी का?’ हे प्रश्न तसेच आहेत. कोणत्या बाजूच्या संस्थेने कोणता प्रश्न निवडला, हे मला हल्ली नाव न बघता ओळखता येतं.

माणसाला काय म्हणता यावरही बरंच ठरतं. ‘गर्दुल्ला’ म्हटलं की डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: पुलाखाली पडलेला, दाढी वाढलेला, खिसा कापणारा. ‘व्यसनात अडकलेला माणूस’ म्हटलं की कोणाचा तरी मुलगा आठवतो. हे फक्त भोळ्याभाबड्या लोकांचं होतं असं समजू नका. जॉन केली आणि कॅसँड्रा वेस्टरहॉफ यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या पाचशेहून अधिक व्यावसायिकांना एकाच माणसाची हकीकत वाचायला दिली होती. फरक एवढाच, की एका गटाच्या कागदावर त्याला नशेखोर अशा अर्थाचा शब्द वापरला होता आणि दुसऱ्या गटाच्या कागदावर ‘व्यसनाचा विकार असलेली व्यक्ती’ असं म्हटलं होतं. पहिल्या गटाला तोच माणूस जास्त दोषी वाटला, आणि त्याच्यावर शिक्षेची कारवाई व्हावी याकडे त्यांचा कल जास्त होता. उपचार करणाऱ्यांची ही गत, तर फोनवर दोन मिनिटांत उत्तर देणाऱ्याला काय बोल लावायचा?

आता ओरेगॉन. ३ नोव्हेंबर २०२० च्या मतपत्रिकेवर या प्रस्तावाचा क्रमांक होता ११०. मला त्याच्या शीर्षकातच सगळी गोष्ट दिसते. ते साधारण असं होतं: राज्यभर व्यसनमुक्ती आणि पुनर्वसनाच्या सेवा पुरवते, गांजावरच्या कराचा काही भाग त्यासाठी वापरते, ठरावीक अमली पदार्थ जवळ बाळगण्याचं आणि त्यावरच्या शिक्षेचं वर्गीकरण बदलते. क्रम बघा. सेवा पहिल्या, पैसा दुसरा, कायदा तिसरा, तोही ‘वर्गीकरण बदलते’ अशा कोरड्या भाषेत. यात फसवणूक नव्हती, सगळं तिथे लिहिलेलं होतं. पण एखाद्या प्रश्नावलीत मी असा प्रश्न घातला असता तर माझ्या वरिष्ठांनी लाल पेनाने तीन तुकडे करून परत दिला असता. एका वाक्यात तीन गोष्टी विचारल्या की ‘हो’ कशाला मिळाला ते कळत नाही.

माझा अंदाज, तो ‘हो’ मुख्यतः पहिल्या तुकड्याला होता.

कायदा १ फेब्रुवारी २०२१ ला लागू झाला. थोडा माल सापडला तर १०० डॉलर दंडाची पावती, आणि एका हेल्पलाइनला फोन करून आरोग्याची तपासणी करून घेतली तर तोही माफ. फोन करणारे अगदी थोडे निघाले. पावती फाडली आणि पैसे भरले नाहीत तरी पुढे काहीच होत नव्हतं, हे रस्त्यावर सगळ्यांना लवकरच कळलं. उपचारांसाठीचा निधी सरकारी यंत्रणेत अडकला. त्याचा मोठा हिस्सा संस्थांपर्यंत पोहोचायला २०२२ चा उत्तरार्ध उजाडला. म्हणजे शीर्षकातला तिसरा तुकडा पहिल्या दिवशी अमलात आला आणि पहिला तुकडा दीड वर्ष वाटेत होता. त्यातच फेंटानिल, हा हेरॉइनपेक्षाही कितीतरी तीव्र असा कृत्रिम अमली पदार्थ, पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला. त्यामुळे मृत्यू वाढले. ते कायद्यामुळे की फेंटानिलमुळे, यावर संशोधकांत वाद झाले. फेंटानिल कधी पोहोचलं ते हिशोबात धरलं की कायद्याचा आणि मृत्यूंचा संबंध उरत नाही, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. पण मतदार अभ्यास वाचून मत बनवत नाही. तो कामावर जाताना फुटपाथवर फॉइलवर अमली पदार्थ तापवून धूर ओढत बसलेला माणूस बघतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये इमर्सन कॉलेजच्या पाहणीत ५६ टक्के लोकांनी ११० पूर्ण रद्द करा म्हटलं. त्याच पाहणीतल्या वेगळ्या प्रश्नावर ६४ टक्के लोकांना त्यातले काही भाग रद्द करून बाळगण्यावर पुन्हा शिक्षा हवी होती आणि उपचारांसाठीचा पैसा मात्र राहू द्यायचा होता. दुसरा आकडा बातम्यांत कमी फिरला, पण माझ्या दृष्टीने तोच कळीचा. पहिल्या तुकड्याला लोकांचा ‘हो’ तसाच होता. तिसऱ्या तुकड्याला त्यांनी कदाचित मनापासून कधीच ‘हो’ म्हटलेलं नव्हतं. १ एप्रिल २०२४ रोजी राज्यपाल टीना कोटेक यांनी सही केलेल्या कायद्याने बाळगणं पुन्हा गुन्हा ठरवलं, १ सप्टेंबरपासून, आणि सोबत पोलीस कारवाईऐवजी उपचारांकडे वळवण्याची वाटही ठेवली. उशिरा का होईना, तुकडे वेगळे केले गेले.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा प्रयोग याचंच भावंड. ३१ जानेवारी २०२३ पासून सज्ञान माणसाला सगळं मिळून २.५ ग्रॅमपर्यंत हेरॉइन-फेंटानिलसारखे पदार्थ, कोकेन, मेथ जवळ ठेवायला तीन वर्षांची सूट दिली. तक्रारींचा पूर आला तो उद्यानं, बसथांबे आणि रुग्णालयांतल्या सेवनाबद्दल. ७ मे २०२४ ला सार्वजनिक जागांमधली सूट काढून घेतली गेली. ‘गुन्हा असावा का’ आणि ‘माझ्या डोळ्यांसमोर व्हावं का’ हे लोकांच्या मनात दोन वेगळे प्रश्न आहेत. कायदे लिहिणाऱ्यांनी ते एकच धरले. प्रश्नावली लिहिणाऱ्यांनीही, मी त्यात आलोच.

हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो स्वित्झर्लंडमध्ये. तिथे थेट जनमत घेण्याची सवय असल्यामुळे एकाच विषयाचे वेगवेगळे तुकडे मतदारांपुढे वेगवेगळे गेले. माझ्यासारख्याला ही मेजवानीच. १९८० च्या दशकाच्या शेवटी झुरिकच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळच्या प्लात्सश्पित्स उद्यानात हेरॉइनचा उघडा बाजार भरायचा. पोलिसांनी तो एका जागी राहू दिला होता, म्हणजे निदान मदत करणाऱ्यांना तिथे पोहोचता यावं. फेब्रुवारी १९९२ मध्ये उद्यान बंद केलं, तर बाजार उठून लेटेन या वापरात नसलेल्या स्थानकात गेला. तो १९९५ मध्ये मोडला. दरम्यान १९९४ पासून, बाकी कुठल्याच उपचाराने सुटका न झालेल्या रुग्णांना दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली हेरॉइन द्यायला सुरुवात झाली होती.

मग मतदान. १९९७ मध्ये ‘व्यसनमुक्त तरुणाई’ अशा धर्तीचा कडक प्रस्ताव आला: संयम हाच एक मार्ग, बाकी सवलती बंद. सुमारे ७१ टक्के मतदारांनी तो फेटाळला. पुढच्याच वर्षी उलट टोकाचा प्रस्ताव आला, अमली पदार्थ कायदेशीर करा. तोही सुमारे ७४ टक्क्यांनी पडला. वर्तमानपत्री चर्चेत हे दोन्ही निकाल वेगवेगळ्या बाजू सोयीने वापरतात. शेजारी ठेवले तर एकच माणूस दोनदा ‘टोक नको’ म्हणताना दिसतो. १९९९ मध्ये डॉक्टरांमार्फत हेरॉइन देण्याची तरतूद ५४ टक्क्यांच्या आसपास मतांनी टिकली. आणि ३० नोव्हेंबर २००८ ला एकाच दिवशी, एकाच मतदाराच्या हातात दोन प्रश्न आले. हेरॉइनचे उपचार कायमचे कायद्यात आणायचे का? ६८ टक्के हो. गांजाचं सेवन गुन्हा मानायचं बंद करायचं का? ६३ टक्के नाही.

हेरॉइनला हो आणि गांजाला नाही. पदार्थ किती घातक यावर लोक मत ठरवतात असं मानलं तर हा निकाल वेडगळ आहे. पण ताबा कोणाकडे असेल यावर ठरवतात असं मानलं तर तो अगदी शहाणा आहे. हेरॉइन दवाखान्यात होतं, पांढऱ्या कोटातल्या माणसाकडे, वेळापत्रकाप्रमाणे. उद्यान रिकामं झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. गांजाच्या प्रस्तावात मतदाराला तसा ताबा ठेवणारा कोणी दिसला नाही. गेल्या वीस वर्षांत या विषयावर मला एकच गोष्ट शिकायला मिळाली असेल तर ती ही: ‘गुन्हा नको’ म्हणताना माणूस लगेच विचारतो, ‘मग पोलिसाच्या जागी कोण?’ पोर्तुगालने आयोग दाखवला, स्वित्झर्लंडने दवाखाना दाखवला. ओरेगॉनने फोन नंबर दाखवला.

याच्या अगदी उलट टोकाला फिलिपिन्स. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोड्रिगो दुतेर्ते यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत संशयितांचे मुडदे रस्त्यांवर पडत होते, त्या काळात, डिसेंबर २०१६ मध्ये, सोशल वेदर स्टेशन्स या तिथल्या मतपाहणी संस्थेला ८५ टक्के लोक मोहिमेवर समाधानी आढळले. त्याच पाहणीत ७८ टक्के लोकांना भीती होती की आपण किंवा ओळखीचं कोणी अशा हत्येचा बळी ठरेल. बहुतेकांना संशयित जिवंत पकडला जावा असंही वाटत होतं. यावर ‘लोक घाबरून खोटं बोलले’ असं चटकन म्हटलं जातं. काही बोलले असतीलही. पण मला हे दोन्ही आकडे एकाच डोक्यात राहू शकतात असं वाटतं. मोहीम कोणाविरुद्ध? ‘त्यांच्या’विरुद्ध. गोळी कोणाला लागेल? ‘आपल्या’तल्या कोणाला तरी.

हे ‘ते’ आणि ‘आपण’ तपासायला मी एकदा एक छोटा प्रयोग केला होता. निम्म्या लोकांना प्रश्नात ‘एखादी व्यक्ती’ विचारली, निम्म्यांना ‘तुमच्या घरातली व्यक्ती’. घरातल्या माणसाबद्दल लोक मऊ होतील, अशी माझी खात्री होती, अहवालाचा मथळाही मनात तयार होता. झालं काही वेगळंच. बरेचसे मऊ झाले खरे, पण काही जण आणखी कडक झाले, आणि त्यातले पुष्कळ असे होते ज्यांच्या घरात खरोखरच व्यसन होतं. मुलाखतकाराने एका आईंचं उत्तर फॉर्मच्या कडेला लिहून आणलं होतं. त्यांनी ‘तुरुंग’ निवडलं होतं आणि म्हणाल्या होत्या, “आत असला की रात्री झोप लागते मला. बाहेर असला की फोन वाजला तरी धस्स होतं.” या बाईंना आकडेवारीत आपण ‘शिक्षेच्या बाजूने’ म्हणून मोजतो. त्यांना शिक्षा नकोच होती. त्यांना मुलगा रात्रीपुरता कुठेतरी सुरक्षित हवा होता, आणि माझ्या पर्यायांत त्यासाठी तुरुंगाखेरीज एकही जागा नव्हती.

गांजाबद्दल थोडक्यात, कारण कोणीतरी विचारेलच. अमेरिकेत गॅलप या मतपाहणी संस्थेच्या पाहणीत गांजा कायदेशीर असावा म्हणणारे १९६९ मध्ये १२ टक्के होते, २०२३ मध्ये ७०. हा आलेख दाखवून ‘जग बदलतंय, आता बाकीचे पदार्थही’ असं म्हणणं ही घाई आहे. लोक गांजाला हल्ली अमली पदार्थांच्या कप्प्यातून काढून दारूच्या कप्प्यात ठेवतायत. उरलेला कप्पा तसाच आहे. आणि गांजातही, प्रत्यक्ष कायद्याचा मसुदा समोर ठेवला की उत्साह कमी होऊ शकतो: न्यूझीलंडमध्ये २०२० च्या जनमतात ५०.७ टक्के नाही आणि ४८.४ टक्के हो.

आता तुमचा दुसरा प्रश्न: मग विचारायचंच कशाला?

हा प्रश्न मलाही पडला आहे, आणि तोही स्वतःच्या चुकीमुळे. उमेदवारीच्या काळात एका संस्थेने प्रश्नाच्या सुरुवातीला ‘व्यसन हा आजार आहे हे लक्षात घेता’ असे शब्द घालायला सांगितले. मी घातले. पाठिंबा फुगला, त्यांनी आकडा छापला, प्रश्न छापला नाही. दोन वर्षांनी विरुद्ध बाजूच्या एका संस्थेला ‘लहान मुलांवर होणारा परिणाम लक्षात घेता’ हवं होतं. तोवर शहाणपण आलं होतं, काम सोडलं. पण पहिला आकडा अजून कुठे कुठे उद्धृत झालेला दिसतो आणि दर वेळी कान तापतात.

मोठे बदल लोकमताची परवानगी घेऊन झालेत असंही नाही. पोर्तुगालमध्ये सरकारने १९९८ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली, तिने शिफारस केली, संसदेने कायदा केला. उरुग्वेने डिसेंबर २०१३ मध्ये गांजा कायदेशीर केला तेव्हा तिथल्या पाहण्यांत साठ टक्क्यांच्या आसपास लोक विरोधात होते. म्हणून काही कार्यकर्ते म्हणतात, लोकांना विचारूच नका, आधी करा, मग लोक येतील मागे. ओरेगॉन बघून हे म्हणायची हिंमत आता थोडी कमी झाली आहे. लोक मागे येतात ते त्यांना रोजच्या वाटेवर काहीतरी बरं दिसलं तर.

मला पटणारा मार्ग आयर्लंडचा. २०२३ मध्ये तिथे ९९ नागरिक यादृच्छिक पद्धतीने निवडले, वर एक अध्यक्ष. अनेक महिने शनिवार-रविवार बसून त्यांनी पोलीस, डॉक्टर, व्यसनातून बाहेर आलेले लोक, मुलं गमावलेले पालक या सगळ्यांचं ऐकलं, प्रश्न विचारले, मग मतदान केलं. बाळगणाऱ्याला आरोग्ययंत्रणेकडे वळवण्याच्या बाजूने ते झुकले. गांजा कायदेशीर करण्याचा पर्याय अवघ्या एका मताने मागे पडला. म्हणजे पुरेशी माहिती मिळाली की सगळे एका सुरात बोलतात हेही खरं नाही. पण तिथला प्रत्येक ‘हो’ आणि ‘नाही’ कशाला दिलेला आहे, ते देणाऱ्याला माहीत होतं. फोनवरच्या दोन मिनिटांत आम्हाला ते कधीच मिळत नाही.

शंभर माणसं महिनोन्‌महिने बसवायला सगळ्यांकडे वेळ आणि पैसा नसतो. म्हणून साध्या पाहणीत मी आता यंत्रणेबद्दल विचारणं जवळजवळ सोडलं आहे. माणसाला जे ठाऊक असतं ते विचारतो. तुम्हाला त्रास कशाचा होतो: चोरीचा, सुयांचा, घरातल्या माणसाचा? कोणता माणूस डोळ्यांपुढे आला? त्याचं सहा महिन्यांनी काय झालेलं आवडेल? या शेवटच्या प्रश्नावर ‘तुरुंगात असावा’ म्हणणारे फार थोडे भेटतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्या पानावर ‘कडक शिक्षा’वर खूण केलेली असते.

सध्या टेबलावर जी प्रश्नावली आहे, तिच्यातल्या चौदाव्या प्रश्नावर आठवडाभर अडकलोय. ‘स्वतःपुरता, थोडा’ यातला ‘थोडा’ मला खुपत होता. कोणाच्या डोक्यात एक पुडी, कोणाच्या डोक्यात पिशवी. पोर्तुगालने दहा दिवस म्हटलं, ब्रिटिश कोलंबियाने ग्रॅम सांगितले. सामान्य माणसाला ग्रॅमवरून काही कळत नाही, म्हणून मी ‘थोडा’ खोडून ‘एका दिवसापुरता’ लिहिलं आणि खूश झालो. परवा पूर्वचाचणी घेतली. पहिल्याच बाईंनी प्रश्न पूर्ण ऐकून घेतला, चष्मा काढला आणि विचारलं, “कोणाच्या एका दिवसापुरता?”